अकरा मिनिटं

पुंता आरेनासला जूनमध्ये सूर्य दहाला दुकान उघडतो
आणि साडेपाचला शटर ओढून घेतो.
मधली सगळी रात्र माझी.
मी लोकांना झोपताना बघते. त्याचा मला पगार मिळतो.

एलेउतेरिओ बार्रिया, वय अठ्ठावन्न,
खेकड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं रात्रपाळी.
डोक्याला तारा चिकटवत होते, तेव्हाही
केसांना उकळत्या खाऱ्या पाण्याचा वास होता.
"पोरी, ह्यातून माझी स्वप्नं दिसतात का तुला?"
"नाही. नुसत्या रेघा."
"मग बरंय," म्हणाला, कूस बदलली,
आणि बदलतच राहिला.

जागेपणीच्या रेघा बारीक, घाईच्या,
वाऱ्याने शहारलेल्या सामुद्रधुनीसारख्या.
डोळा लागला की त्यांत मधूनच एक गुंडाळी येते,
जेमतेम सेकंदाची,
पोटात फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती.
तिला आम्ही चाती म्हणतो.
(त्याची आई चिलोए बेटावर लोकर कातायची.
हे त्याने न विचारता सांगितलं होतं.)
चात्या आल्या त्या रात्री, तुटक तुटक.
पण त्यांच्यानंतर ज्या यायला हव्यात
त्या मोठ्या, आळशी लाटा,
ज्यांच्या आडोशाला शरीर आपली डागडुजी उरकतं,
त्या चार मिनिटं आल्या.
अख्ख्या रात्रीत चार.
साखरझोप तर कारखान्याने त्याच्या ताटात
कधी वाढलीच नव्हती.

डॉक्टर मारुसिचने गोळी लिहिली नाही.
"चाला. रोज चाळीस मिनिटं, दम लागेल इतकं."
"ह्या वाऱ्यात?"
"दोर धरून."

वारा सुटला की इथे चौकाचौकात दोर बांधतात,
माणसं उडू नयेत म्हणून.
तो कबरस्तानाच्या सरूंपासून निघायचा,
जुन्या धक्क्यावरच्या पाणकावळ्यांपर्यंत.
येताना वारा पाठीशी असतो,
म्हणून येतानाचं चालणं मोजायचं नाही,
हा नियम त्याचा त्यानेच केला.

जागेपण दिवसभर मेंदूत साचत जातं,
भांड्याच्या तळाशी साका बसावा तसं.
त्यातल्या एका द्रव्याचं नाव अ‍ॅडेनोसिन.
परीक्षेत मी ते बरोबर लिहिलं होतं.
पाय थकवले की साका दाट बसतो,
आणि रात्र तो खरवडून काढते, म्हणे.
पण कुठल्याही पुस्तकात असं नव्हतं
की एक माणूस पंच्याऐंशी दिवस
तोंडावर वारा घेत
स्वतःची झोप आणायला बाहेर पडेल.

सप्टेंबरात तो परत आला. तीच खाट, त्याच तारा.
बायको रुपेर्ता दारातून म्हणाली,
"हा झोपतो आता. मीच जागी राहून ऐकते,
श्वास चालू आहे ना."

पहाटे तीनला पडदा संथ झाला.
उंच लाट. मग दुसरी.
मी हातातला चहा खाली ठेवला,
जणू कपाच्या आवाजाने त्या फुटल्या असत्या.

सकाळी तो खाटेच्या कडेवर बसून
केसांतली चिकट पेस्ट बोटाने काढत होता.
"किती?"
"पंधरा मिनिटं. अकरा वाढली."
"अकराच?"
परक्या खाटेवर पहिल्या रात्री सगळेच कमी झोपतात.
ह्या अकरांतली चालण्याची किती
आणि खाटेशी झालेल्या ओळखीची किती,
मला सांगता आलं नसतं.
मी बोलले नाही.
तो बूट घालायला वाकला, वाकलेलाच म्हणाला,
"आणि त्या अकरा मिनिटांत मी करत काय होतो?"
"काहीच नाही."
त्याने नाडी बांधली. सोडली. पुन्हा बांधली.
"काहीच नाही," तो म्हणाला,
पहिला पगार मोजून बघावा तसा.

बसमधून मी दोन थांबे आधीच उतरले.
उजाडलं होतं. डोळ्यांत रात्रभराची वाळू.
कोपऱ्यावर दोर बांधलेला.
मी धरला नाही.
मग धरला.